फास्ट रिअ‍ॅक्टर आणि थोरियम आले की अणुकचरा खोल पुरायची गरज संपते का?

सिन्नरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या ताईंनी विचारलंय, थोडक्यात प्रश्न असा: बारावीची मुलं व्हिडिओ बघून येतात आणि सांगतात की नवे फास्ट रिअ‍ॅक्टर (वेगवान न्यूट्रॉनवर चालणारे), थोरियमचे रिअ‍ॅक्टर जुना अणुकचरा जाळून टाकतात, उरलेला ३०० वर्षांत निवतो, मग फिनलंडसारखं जमिनीत चारशे मीटर खाली पुरायची काही गरजच नाही. हे कितपत खरं? आणि पुरायचंच झालं तर आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात पुरतील का?

ताई, माझी सगळी नोकरी रेडिओअ‍ॅक्टिव्ह वेस्टमध्येच गेली, आधी ट्रॉम्बे मग तारापूर, आणि आता नाशिकला असतो. हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल, पण मुलांपर्यंत अर्धवट जाऊ नये असं मनापासून वाटतं. आधी सरळ उत्तर देतो. नवीन फ्युएल सायकलमुळे, म्हणजे जळालेल्या इंधनातलं उपयोगाचं काढून पुन्हा वापरायच्या पद्धतीमुळे, कचऱ्याचं रूप बदलतं, त्याची उष्णता कमी करता येते, खाली लागणारी जागा बरीच कमी होऊ शकते, पण खोल भांडार, म्हणजे खडकात कचरा कायमचा पुरायची जागा, लागतंच. आणि तो ३०० वर्षांचा आकडा खोटा नाही, फक्त तो कचरा स्वतः किती विषारी आहे त्याचा आकडा आहे, पुरल्यावर त्यातलं वर माणसापर्यंत काय पोचतं हा हिशोब पूर्ण वेगळा. ह्या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिथेच सगळा घोळ होतो.

आपले पीएचडब्ल्यूआर, म्हणजे जड पाण्यावर चालणारे रिअ‍ॅक्टर, तारापूरचे ३ आणि ४ नंबर, काक्रापार, कैगा वगैरे, त्यातून एक टन जळालेलं इंधन बाहेर आलं की त्यात साधारण सात किलो फिशन प्रॉडक्ट्स (अणू फुटल्यावर होणारे तुकडे) असतात, साडेतीन-चार किलो प्लुटोनियम, अमेरिशियम-नेप्च्युनियम असले मायनर अ‍ॅक्टिनाइड्स (युरेनियम-प्लुटोनियमच्याच घरातली जड मूलद्रव्यं, पण प्रमाणाने थोडी) अगदी ग्रॅममध्ये, आणि बाकी जवळजवळ सगळं युरेनियमच. आता मुलांना हे पक्कं सांगा की एक मेगावॅट-दिवस उष्णता काढायची तर साधारण एक ग्रॅम जड अणू फुटावे लागतात, रिअ‍ॅक्टर कुठलाही असो. म्हणजे हजार मेगावॅटचं स्टेशन वर्षभर चाललं की टनभर फिशन प्रॉडक्ट्स होणारच, इंधन थोरियम असो, प्लुटोनियम असो, कूलंट सोडियम असो नाहीतर पाणी असो, एफिशियन्सी वाढवून त्यात थोडाफार फरक पडेल तेवढाच. 'कचरा जाळणे' म्हणजे प्लुटोनियम आणि मायनर अ‍ॅक्टिनाइड्सचे अणू फोडणे, आणि फोडले की त्यांचीही फिशन प्रॉडक्ट्सच होतात. फायदा असा की हजारो वर्षं टिकणारी गोष्ट जाऊन बहुतांशी शे-दोनशे वर्षांची गोष्ट हातात येते. फायदा मोठाच आहे, मी स्वतः आयुष्यभर रीप्रोसेसिंगच्या, म्हणजे जळालेलं इंधन विरघळवून त्यातलं उपयोगाचं वेगळं काढण्याच्या, बाजूने बोलत आलोय आणि आजही बोलतो.

तर ३०० वर्षं कुठून आली? इंधन जसंच्या तसं पुरलं तर त्याचा विषारीपणा मूळ युरेनियम धातुकाच्या पातळीला यायला लाख-दोन लाख वर्षं लागतात. प्लुटोनियम काढून घेतलं की साधारण दहा हजार. त्यानंतर अमेरिशियम, क्युरियम, नेप्च्युनियमही काढले तर काही शतकं, तिथून ते ३००. कारण उरलेल्यात मुख्य सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०, दोघांची हाफ-लाइफ (निम्मे अणू संपायला लागणारा काळ) तीस वर्षांच्या आसपास, दहा हाफ-लाइफ गेल्या की हजारावा भाग. पण यात एक अट दडलेली आहे जी व्हिडिओत कोणी सांगत नाही, ती म्हणजे प्रत्येक वेळी प्रत्येक अ‍ॅक्टिनाइड ९९.९ टक्के काढता आला पाहिजे. इंधन एकदा रिअ‍ॅक्टरमध्ये घातलं की सगळं जळत नाही, ते पुन्हा बाहेर काढून, विरघळवून, वेगळं करून, पुन्हा इंधन बनवून पुन्हा घालावं लागतं, असं अनेक वेळा, आणि दर फेरीला थोडंसं कचरा ज्यात गोठवतात त्या काचेत, थोडंसं फिल्टरमध्ये, थोडंसं ग्लोव्ह बॉक्सच्या हातमोज्यांत जातंच. शिवाय ही यंत्रणा शंभर वर्षं चालवली तर कुठे अ‍ॅक्टिनाइड्सच्या साठ्यात खरी घट दिसते, आणि शेवटचा रिअ‍ॅक्टर बंद कराल तेव्हा त्याच्या कोअरमधलं सगळं शिल्लक राहतंच.

आता उष्णता. भांडाराची जागा कचऱ्याच्या घनफळावर ठरते असं लोकांना वाटतं, पण ती मुख्यतः उष्णतेवर ठरते. कॅनिस्टरभोवती, म्हणजे कचऱ्याच्या धातूच्या डब्याभोवती, बेंटोनाइट माती ठासतात, पाणी लागलं की ती फुगून फटी बंद करते, तिचं तापमान साधारण १०० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं नाहीतर तिचा फुगण्याचा गुण कमी होतो. म्हणून कॅनिस्टर एकमेकांना चिकटून ठेवता येत नाहीत. आपल्याकडे निफाड-येवल्याकडचा शेतकरी कांदा चाळ बांधताना रुंदी वाढवत नाही, तळाशी मोकळी जागा ठेवतो, कारण ढीग आतून तापला की सडतो, चाळ लांब होते पण रुंद होत नाही, भांडाराचं गणित अगदी तसंच आहे. पहिली शंभर वर्षं ही उष्णता सीझियम-स्ट्रॉन्शियमची, आणि त्यानंतर मात्र अमेरिशियम-२४१ ची, हाफ-लाइफ ४३२ वर्षं. म्हणजे माणसांच्या हिशोबाने फार लांब आणि खडकाला तापवायला पुरेसा जोर असलेला असा नेमका मधला पदार्थ. माझं मत विचाराल तर अ‍ॅडव्हान्स्ड फ्युएल सायकलचा भांडाराला सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे: अमेरिशियम वेगळं काढा, सीझियम-स्ट्रॉन्शियम जमिनीवर निवू द्या, त्याच खडकात कितीतरी जास्त विजेचा कचरा मावतो.

आणि इथेच उशीर नडतो. अमेरिशियम-२४१ येतं कुठून तर प्लुटोनियम-२४१ पासून, त्याची हाफ-लाइफ १४ वर्षांच्या थोडी वर. म्हणजे जळालेलं इंधन तळ्यात पडून राहिलं, किंवा प्लुटोनियम वेगळं काढून फास्ट रिअ‍ॅक्टरची वाट बघत डब्यात ठेवलं, की दरवर्षी त्यातलं चांगलं इंधन कमी होतं आणि अमेरिशियम वाढतं. कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या पीएफबीआर या फास्ट रिअ‍ॅक्टरचं बांधकाम २००४ ला सुरू झालं, २०१० पर्यंत व्हायचा होता, कोअर लोडिंगच मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. पेपरात याची चर्चा खर्चाच्या अंगाने होते, पण वेस्टवाल्यांच्या दृष्टीने ही सगळी वर्षं अमेरिशियममध्ये मोजली जातात. फ्रान्ससारखं प्लुटोनियमचं मॉक्स इंधन करून साध्या पाण्याच्या रिअ‍ॅक्टरमध्ये एकदा जाळायचं आणि थांबायचं, हा रस्ता तर भांडाराला आणखी जड जातो, कारण जळालेलं मॉक्स साध्या इंधनापेक्षा जास्त अमेरिशियम-क्युरियम घेऊन येतं आणि खाली न्यायच्या आधी कितीतरी जास्त वर्षं निववत ठेवावं लागतं.

आता वर काय पोचतं ते बघू. खोल खडकात ऑक्सिजन नसतो, तशा पाण्यात प्लुटोनियम, अमेरिशियम जवळजवळ विरघळतच नाहीत, आणि जे विरघळतं ते चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं. म्हणजे ज्या पदार्थांची सगळ्यांना सगळ्यात जास्त भीती वाटते ते हलतच नाहीत. हलतं कोण, तर आयोडीन-१२९, हाफ-लाइफ एक कोटी ५७ लाख वर्षं, त्याच्या जोडीला क्लोरीन-३६, सेलेनियम-७९, आणि खडकाची रसायनं अनुकूल नसतील तर टेक्नेशियम-९९ पण, ज्याची हाफ-लाइफ दोन लाख वर्षांहून जास्त. हे ऋणभारित आयन असतात, माती त्यांना धरत नाही, पाण्याबरोबर निघतात. ह्यातले आयोडीन, सेलेनियम, टेक्नेशियम हे तिघंही फिशन प्रॉडक्ट्स, म्हणजे फास्ट रिअ‍ॅक्टरने कितीही अ‍ॅक्टिनाइड्स जाळले तरी हे तेवढेच तयार होणार. म्हणून युरोपात वेगवेगळ्या खडकांसाठी हिशोब केले तेव्हा पार्टिशनिंग-ट्रान्सम्युटेशनमुळे, म्हणजे अ‍ॅक्टिनाइड्स वेगळे काढून जाळल्यामुळे, लाखो वर्षांनंतरच्या डोसमध्ये फार फरक दिसला नाही, जागेत आणि उष्णतेत मात्र दिसला. रीप्रोसेसिंगमध्ये आयोडीन काचेतही राहत नाही, इंधन विरघळवतानाच वायू होऊन निघतं, फ्रान्समध्ये ला हागला ते समुद्रात सोडतात आणि समुद्रातल्या साध्या आयोडीनमध्ये ते प्रचंड विरळ होतं.

आता माझ्या कामाचा भाग, काच. रीप्रोसेसिंग झालं की जो नायट्रिक अ‍ॅसिडमधला जळजळीत द्रव उरतो तो आटवून, काचेच्या घटकांबरोबर हजार अंशांच्या आसपास वितळवून स्टीलच्या कॅनिस्टरमध्ये ओततात. जाड शिशाच्या काचेच्या पिवळसर खिडकीतून बघायचं, हात मॅनिप्युलेटरवर. मेल्टरच्या बुडाशी एक नळी असते, ती थंड ठेवली की काच तिच्यातच गोठून बुचासारखी बसते, ओतायच्या वेळी तेवढी नळी तापवायची की नारिंगी धार कॅनिस्टरमध्ये उतरते, पुन्हा थंड केली की धार आपोआप थांबते, व्हॉल्व्ह नाही काही नाही. बघायला साधं, पण आधीच्या प्लांटमध्ये कोणी कुठलं रसायन वापरलं यावर ही काच जमणार की नाही ते ठरतं. ट्रॉम्बेला प्लुटोनियम वेगळं करताना फेरस सल्फामेट वापरायचे, त्यामुळे वेस्टमध्ये सल्फेट यायचं. नेहमीच्या सोडियम बोरोसिलिकेट काचेत सल्फेट फार मुरत नाही, ते वितळलेल्या काचेवर वेगळा पिवळट थर धरतं, आणि तो थर पाण्यात विरघळतो, त्यात सीझियम जाऊन बसतं, म्हणजे ज्याच्यासाठी काच करायची तेच काचेबाहेर. मग ट्रॉम्बेसाठी बेरियम घातलेली वेगळी बोरोसिलिकेट काच काढावी लागली, आणि पुढे रीप्रोसेसिंगमध्येच फेरस सल्फामेटच्या जागी युरेनस नायट्रेट आणलं. वरच्या प्लांटमधला एक रासायनिक निर्णय, आणि त्यासाठी खालची काच बदलली. म्हणून नवीन सायकलचा प्रस्ताव कोणी घेऊन आला की मी आधी विचारतो, तुमच्या वेस्टमध्ये नेमकं काय काय येणार आणि ते कुठल्या घन पदार्थात बसणार? फास्ट रिअ‍ॅक्टरचं इंधन टनामागे दहापट किंवा त्याहून जास्त जळलेलं असतं, त्यात रुथेनियम, पॅलेडियम हे धातू जास्त, ते काचेत विरघळत नाहीत, मेल्टरच्या तळाशी साचतात. ह्या गोष्टींवर कल्पक्कमला काम चालूच आहे, तिथल्या कोरल प्लांटमध्ये एफबीटीआर या छोट्या फास्ट रिअ‍ॅक्टरचं कार्बाइड इंधन रीप्रोसेस करून दाखवलंय, त्याच्या पुढची पायरी म्हणून मोठा डेमॉन्स्ट्रेशन प्लांट जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, आणि तारापूरला वेस्टमधून अ‍ॅक्टिनाइड्स वेगळे काढण्याचा प्लांटही उभा आहे.

रसायनाकडे दुर्लक्ष झालं की काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू मेक्सिकोत मिठाच्या थरात डब्ल्यूआयपीपी नावाचं खोल भांडार १९९९ पासून चालू आहे, तिथे फेब्रुवारी २०१४ मध्ये एक पिंप आतल्या आत तापून फुटलं, कारण नायट्रेटच्या कचऱ्यात शोषक म्हणून मातीचा भुगा घालायच्या ऐवजी मांजरांच्या संडासासाठी मिळतो तो गव्हापासून केलेला सेंद्रिय भुगा पडला होता. भांडार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं.

अजून एक हिशोब लोक विसरतात. रीप्रोसेसिंगमध्ये फक्त काच निघत नाही. इंधनाच्या नळ्यांचे तुकडे, फिल्टर, सॉल्व्हंट, अल्फा लागलेलं सामान, हा इंटरमीडिएट लेव्हलचा कचरा, गरम नसतो पण टिकाऊ असतो. फ्रान्सचं बुर गावाजवळचं सिजेओ भांडार ५०० मीटर खाली चिकणमातीच्या खडकात योजलंय, त्यात काचेचा कचरा सुमारे १०,००० घनमीटर आणि हा दुसरा सुमारे ७३,००० घनमीटर! म्हणजे रीप्रोसेसिंग करणाऱ्या देशालाही भांडार लागलंच, आणि त्यातली बरीच जागा कचऱ्यावर प्रक्रिया करताना झालेल्या कचऱ्यानेच घेतली.

२०२५ च्या बजेटमध्ये २०४७ पर्यंत १०० गिगावॅट आणि स्मॉल रिअ‍ॅक्टरसाठी २०,००० कोटींची घोषणा झाल्यापासून मुलं सारखी नवीन डिझाइन्सची नावं घेतात, तर त्यांच्याबद्दल. सोडियम-बाँडेड (इंधन आणि नळीच्या मध्ये सोडियम भरलेलं) धातूचं इंधन सरळ पुरता येत नाही, सोडियम पाण्याला लागला की पेटतो, आधी प्रक्रिया हवी, अमेरिकेत १९९४ ला बंद पडलेल्या ईबीआर-२ चं असं इंधन त्यांना पुढे कित्येक वर्षं पायरोप्रोसेसिंग (वितळलेल्या मिठात घटक वेगळे काढणं) करत बसावं लागलं. ट्रिसो इंधन, म्हणजे सिरॅमिकचे थर दिलेल्या बारीक गोळ्या, हे माझ्या मते पुरायला चांगलं, थर फार मजबूत असतात, पण सोबत ग्रॅफाइट इतकं येतं की घनफळ वाढतं.

मॉल्टन सॉल्टबद्दल, म्हणजे वितळलेल्या मिठातच इंधन असलेल्या रिअ‍ॅक्टरबद्दल, मात्र जरा थांबून सांगतो. अमेरिकेत ओक रिजला १९६५ ते १९६९ असा एक प्रयोगाचा रिअ‍ॅक्टर चालला, उत्तम चालला. बंद केल्यावर इंधनाचं फ्लोराइड मीठ टाक्यांत गोठवून ठेवलं, सगळ्यांना वाटलं घन झालं म्हणजे सुरक्षित. पण थंड मिठात किरणोत्सर्गाने फ्लोरीन सुटत राहतो, गरम असताना तो परत जोडला जायचा, थंडीत जाईना, त्या फ्लोरीनने युरेनियमचं हेक्साफ्लोराइड केलं, ते वायू, पाइपांतून सरकत सरकत कोळशाच्या फिल्टरमध्ये जाऊन साठलं आणि १९९४ मध्ये तपासणीत सापडलं. मग साफसफाईला वर्षानुवर्षं. रिअ‍ॅक्टर चार वर्षं चालला आणि त्याच्या मिठाचं काय करायचं हा प्रश्न पन्नास वर्षांनीही संपलेला नव्हता. म्हणून मिठाचे रिअ‍ॅक्टर करू नका असं मी म्हणत नाही, पण मीठ शेवटी कुठल्या घन रूपात जाणार ते डिझाइनच्या पहिल्या दिवशी ठरलेलं पाहिजे.

थोरियम. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या अणुऊर्जा योजनेतला तिसरा टप्पा, आपल्याकडे केरळ-ओडिशाच्या वाळूत भरपूर. थोरियमपासून प्लुटोनियम-अमेरिशियम फारच कमी तयार होतं हे खरं, आणि थोरियम ऑक्साइड इतकं निष्क्रिय असतं की पाण्यात हलत नाही, पुरायला उत्तम. पण तोच गुण रीप्रोसेसिंगच्या मुळावर येतो, नुसत्या नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये नीट विरघळत नाही, फ्लोराइड घालावं लागतं आणि ते स्टीलला खातं. शिवाय युरेनियम-२३२ सोबत येतं, त्याच्या साखळीतलं थॅलियम-२०८ इतका जोरदार गॅमा टाकतं की इंधन बनवायचं कामही जाड भिंतीआडून करावं लागतं. आणि प्रोटॅक्टिनियम-२३१ आहे, हाफ-लाइफ सुमारे ३३,००० वर्षं, तर 'थोरियमचा कचरा ३०० वर्षांचा' हे वाक्य तसं उरत नाही.

वेस्टमधून उपयोगाचं काढणं ही गोष्ट मात्र आपण छान करतोय, हे मुलांना जरूर सांगा. ट्रॉम्बेला हाय लेव्हल वेस्टमधून सीझियम-१३७ काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली करतात, त्या ब्लड इरॅडिएटरमध्ये लागतात, रुथेनियम-१०६ च्या चकत्या डोळ्याच्या कॅन्सरला लागतात. लासलगावला 'कृषक' केंद्रात २००२ पासून कांदा-आंब्यावर गॅमा मारतात तो कोबाल्ट-६० चा, तो वेस्टमधून येत नाही, रिअ‍ॅक्टरमध्ये मुद्दाम बनवतात, आणि त्याने कांदा रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही, हा प्रश्न मला लासलगावला दर वेळी येतो.

आता सह्याद्री. आपला बेसॉल्ट एकसंध दिसतो पण नाही. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी हळू असेल तेव्हा कापलेला कडा बघा, लाव्हाचे थर एकावर एक, दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या वरून पाणी झिरपताना दिसतं. उभे जोडही भरपूर, आपल्या विहिरी-बोअर त्याच जोडांवर आणि सच्छिद्र थरांवर चालतात. अमेरिकेनेही हॅनफर्डचा बेसॉल्ट १९८६ मध्ये शेवटच्या तीन जागांत घेतला होता, १९८७ मध्ये काँग्रेसने एकट्या युक्का माउंटनला निवडलं आणि तो मागे पडला. आपल्याकडे अभ्यास झालाय तो मुख्यतः राजस्थानकडच्या ग्रॅनाइटचा, आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत साधारण हजार मीटर खाली हीटर लावून खडक कसा तापतो ते मोजलं होतं. सध्या काचेचे कॅनिस्टर तारापूरला हवेवर थंड होणाऱ्या व्हॉल्टमध्ये राहतात, तीसेक वर्षं तरी राहायचेच असतात, आणि सरकारची भूमिका अशी की घनफळ कमी आहे, लगेच भांडाराची गरज नाही. निववण्यासाठी थांबणं बरोबरच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण फिनलंडने १९८३ मध्ये ठरवलं, २०१५ मध्ये बांधकामाचं लायसन्स मिळालं आणि २०२४ मध्ये खऱ्या इंधनाशिवाय ट्रायल रन सुरू केली, चाळीस वर्षं झाली. आपण भूमिगत प्रयोगशाळा आज सुरू केली तरी ती आपल्या नातवंडांच्या कामाला येणार, म्हणून ती फास्ट रिअ‍ॅक्टरच्या जोडीने चालली पाहिजे, नंतर बघू म्हणून चालणार नाही.

वर्गात करायला एक गोष्ट सुचवतो. मुलांना लॉग स्केलवर सीझियम-१३७, प्लुटोनियम-२३९ (२४,१०० वर्षं) आणि आयोडीन-१२९ च्या रेघा एकाच कागदावर काढू द्या. मग अमेरिशियम-२४१ ची काढायला लावा, पण सुरुवात शुद्ध प्लुटोनियम-२४१ पासून, हाफ-लाइफ १४.३ आणि ४३२ घेऊन, बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये बसतं. ती रेघ आधी चढेल मग उतरेल. सगळ्यात उंच कधी जाते ते त्यांना शोधायला सांगा, उत्तर ७३ वर्षांच्या आसपास यायला पाहिजे.